दीपालीताईचं ‘संपलं’

दीपालीताई मांडवीच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. मुलांना मराठीत प्रोग्राम लिहिता यावेत म्हणून पुण्यात नोकरी करणाऱ्या ऋत्विकने एक छोटी भाषा बनवलीय, त्या भाषेच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये आम्ही आठ-दहा जण आहोत. यंदा तिथे एकाच गोष्टीवरून वाद पेटला होता, ‘जर’ नेमका संपतो कुठे.

झालं असं, ताईच्या वर्गातल्या सानवीने आंबे निवडायचा प्रोग्राम केला. जर आंबा मोठा, तर जर डाग नाही, तर पेटी. नाहीतर कॅनिंग. तिच्या मनात होतं, मोठा बिनडागी विकायच्या पेटीत, लहान कॅनिंगला म्हणजे रसाच्या कारखान्यात, मोठा डागी कुठेच नाही, घरी खायला. मशीनने ते ‘नाहीतर’ जवळच्या ‘जर’ला चिकटवलं. मोठा डागी कॅनिंगला गेला आणि लहान कुठेच गेला नाही.

ताई म्हणाली, प्रत्येक ‘जर’खाली ‘संपलं’ लिहायचंच, सक्ती करा.

“ताई, तू घरी बोलताना संपलं म्हणतेस?” ऋत्विकने मीटिंगमध्ये विचारलं.

“घरी समोरच्याचं तोंड दिसतं रे मेल्या!”

सगळे हसले, ऋत्विक नाही. नियम बदलला की मुलांचे जुने प्रोग्राम बंद पडणार आणि शाळेचं प्रदर्शन तोंडावर. ताईचं एकच, मुलांनी लोकांसमोर चुकीचं मांडायचं नाही.

आमच्यात मतदान नसतं. जो बदल नको म्हणतो त्याने तो भाग वर्गात शिकवून दाखवायचा. ऋत्विक शिमग्याला पुण्याहून आलाच होता, गेला वर्गात. त्याने ‘नाहीतर’ बाहेरच्या ‘जर’च्या बरोब्बर खाली, सरळ रेषेत लिहिलं आणि चालवलं. लहान आंबा परत गायब.

“सर, मशीनला रेषा दिसते?” सानवी.

नाही दिसत. त्याच्या ऑफिसातल्या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत दिसते, तिथली सवय हातात बसलेली. स्वतःच बनवलेल्या भाषेत तो फसला. हसला, आणि दुसऱ्या दिवशी ‘संपलं’ सक्तीचं केलं.

सगळ्यांचे प्रोग्राम बंद.

“बाई, काल चालत होता माझा!” सानवी रडवेली.

“काल चुकत होता गो.”

“पण चालत होता ना!”

ताई खुर्ची ओढून शेजारी बसली आणि म्हणाली, “आतला ‘जर’ कुठे संपतो, दाखव बघू.”

निम्मेच प्रोग्राम वेळेत दुरुस्त होऊन प्रदर्शनात लागले. सानवीचा लागला. सहावीतल्या लवूचा राहिला, त्याची आई ताईशी अजून बोलत नाही.