ब्राह्मीचं पहिलं वकीलपत्र

३ एप्रिल २०२३, सोमवार. सकाळी साडेसात वाजता ब्राह्मी माझ्या वरच्या खोलीचा जिना उतरली ती काळा कोट घालूनच. विश्रामबागेतून तिचं ऑफिस चालत दहा मिनिटांवर, कोर्ट सुरू व्हायला साडेतीन तास, आणि सांगलीतला एप्रिल. कोट हातावर का घेतला नाहीस, असं मी विचारलं. पहिल्या दिवशी छाप पडली पाहिजे, असं तिला मोबाइलवर कोणीतरी शिकवलं होतं. त्याच माणसानं ऑफिसात सर्वांच्या आधी पोचायलाही सांगितलं होतं. ती पोचली, आणि किल्ली कारकुनाकडे असल्यामुळे दीड तास कोटासकट पायरीवर बसून राहिली. येणाऱ्याजाणाऱ्यावर छाप पडली असेल.

ब्राह्मी पलूसकडची. वडील पायगोंडा ऊस लावतात आणि स्वतःचा ट्रॅक्टर चालवतात. मुलगी चोविसाव्या वर्षी सनद घेऊन वकील झाली, तेव्हा त्यांनी तिला माझ्याकडे भाडेकरू म्हणून आणून सोडलं. माझे यजमान एकतीस वर्षं कोर्टात शिरस्तेदार होते, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. एवढ्या वर्षांत मला वकिलांविषयी आदर कधी वाटला नाही, हे मात्र सांगायचं राहिलं असावं.

ऑफिस दिग्विजयसाहेबांचं. त्याला ऑफिस म्हटलेलं त्यांना चालत नसे, फर्म म्हणावं लागे. तीन खोल्या, काचेचं दार, एक एसी साहेबांच्या खोलीत, आणि दारावर इंग्रजी पाटी: साहेबांचं नाव, पुढे 'अँड असोसिएट्स'. असोसिएट्स म्हणजे ब्राह्मी आणि रहिमतपूरचा शिवतेज. सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत काम चालतं असं पाटीवर होतं. साताऱ्याचं काम म्हणजे शिवतेजच्या चुलत्यांच्या ओळखी. साहेबांनी पहिल्याच दिवशी दोघांना सांगून टाकलं होतं, की वर्षानं एकालाच ठेवायचं आहे. ब्राह्मीनं ते इतकं मनावर घेतलं, की त्या वर्षात ती घरी जेमतेम सहा वेळा गेली.

ज्युनियरचं काम काय, तर तारीख मागणं. साहेब कोर्टात येत नसत. पुकारा झाला की ब्राह्मीनं उभं राहायचं आणि म्हणायचं, "सिनियर बाहेरगावी आहेत, पुढची तारीख मिळावी." न्यायाधीश मान हलवत, तारीख पडे, पक्षकार एसटी पकडून घरी जाई. बोलण्याच्या ओघात ती रोज सांगायची आणि मी लिहून ठेवायची. जानेवारीपर्यंत साहेब एकतीस वेळा बाहेरगावी गेले होते. प्रत्यक्षात त्यांची गाडी मी रोज भाजीला जाताना फर्मच्या दारात उभी पाहत होते.

शनिवारी संध्याकाळी मिरज रस्त्यावरच्या एका हॉटेलात टीम मीटिंग असे. तिथे कायद्याची चर्चा होई, असं ब्राह्मी म्हणे. ती जैन घरातली, सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नसे. त्यामुळे दोन तास रिकाम्या ताटासमोर वही उघडून बसायची. शिवतेज साहेबांना कांदा-लिंबू वाढायचा. त्यानं वर्षभरात कुठली केस वाचल्याचं मला माहीत नाही, पण साहेबांना तांबडा रस्सा आवडतो की पांढरा हे त्याला दुसऱ्या आठवड्यात कळलं होतं. कोर्टाच्या आवारात कोटावर हात ठेवून तो व्हिडिओ काढायचा आणि खाली 'न्यायासाठी सदैव' असं लिहायचा. साहेब ते व्हिडिओ पुढे पाठवत. ब्राह्मी सर्वांबरोबर जेवत नाही म्हणून तिच्यात मिसळून वागण्याची वृत्ती कमी आहे, असा शेरा तिला सहा महिन्यांनी मिळाला. ती रडली नाही, पण वहीत तो शेरा तिनं सुवाच्य अक्षरात लिहून घेतला. मला त्या वहीचाच राग आला.

फर्मकडे हरणाबाई नावाच्या एका बाईंचा दावा होता, इस्लामपूरच्या कोर्टात. ताकारी रस्त्याला त्यांचा दोन एकर ऊस. उसापर्यंत जाणारी वाट शेजाऱ्याच्या बांधावरून, आणि शेजाऱ्यानं दिवाळीत त्या वाटेवर आडवा चर खणून ठेवला होता. वाट मोकळी करून द्यावी एवढाच तातडीचा अर्ज. नोव्हेंबरपासून त्यावर चार तारखा पडल्या. दोन शेजाऱ्याच्या वकिलानं मागितल्या, दोन आपल्याच साहेबांनी. उसाला तुरे आले. तोडणीची टोळी दोन शेतं अलीकडे येऊन थांबली होती. वाहन आत जाणार नसेल तर टोळी पुढच्या गावाला जाणार, आणि एकदा गेली की परत येत नाही, हे पलूसच्या मुलीला कोणी सांगावं लागत नव्हतं. तिनं साहेबांना दोनदा सांगितलं. साहेब म्हणाले, अर्ज कुठे पळून जातोय.

२३ जानेवारी, मंगळवार. या वेळी साहेब खरोखर इस्लामपूरला गेले, कारण तिथल्या कोणाचा तरी सत्कार होता. कोर्टाच्या आवारात पोचल्यावर ते शेजाऱ्याच्या वकिलाबरोबर कॅन्टीनमध्ये बसले आणि ब्राह्मीला वर पाठवलं, तारीख घेऊन ये म्हणून. पुढचं मला तिनं सांगितलं, आणि नंतर हरणाबाईंनी जास्त नीट सांगितलं.

पुकारा झाला. ब्राह्मी बत्तिसाव्यांदा म्हणाली, सिनियर बाहेरगावी आहेत. न्यायाधीश नवे होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "कोणत्या गावी?"

हा प्रश्न आधी कोणी विचारला नव्हता. ब्राह्मीनं सत्यासाठी छाती पुढे केली वगैरे मी काही म्हणणार नाही. गावाचं नाव तयार नव्हतं, एवढंच. एकतीस वेळा तेच वाक्य म्हणताना साहेब नेमके जातात कुठे, हे ठरवून ठेवावं असं तिला सुचलं नव्हतं. शिवाय हरणाबाई मागेच उभ्या होत्या, आणि त्या कॅन्टीनवरूनच वर आल्या होत्या.

"खाली कॅन्टीनमध्ये आहेत," ब्राह्मी म्हणाली. "चहा घेतायत."

कोर्टात कोणी हसलं नाही, असं ती म्हणते. हरणाबाई म्हणतात, टायपिस्टसुद्धा हसला. न्यायाधीशांनी तारीख दिली नाही. तुम्हीच बोला म्हणाले. ब्राह्मी म्हणाली, माझं वकीलपत्र नाही. म्हणजे, हरणाबाईंनी आपली वकील म्हणून तिला नेमल्याचा कागद नव्हता. फर्मच्या वकीलपत्रावर फक्त साहेबांचं नाव घालायचं, असा नियम होता. न्यायाधीशांनी तिला अर्धा तास दिला.

हरणाबाई स्वतः फाटकाबाहेर जाऊन कोरा फॉर्म घेऊन आल्या. बाकावर बसून त्यांनी सही केली. ब्राह्मीचा हात सहीच्या जागी थांबला, तेव्हा त्या म्हणाल्या, "कर की गं सही. साळंत गेलीयास न्हवं?"

तिनं केली. फर्मसाठी नोव्हेंबरपासून पिशवीतून वाहत असलेली ती फाइल तिला पाठ होती, कारण एसटीत वाचायला दुसरं काही नसे. एका रविवारी ती जाऊन वाटही बघून आली होती. शेजाऱ्याचा वकील धावत वर आला आणि विहिरीच्या बाजूनं दुसरी वाट आहे म्हणाला. ब्राह्मीनं सांगितलं, त्या वाटेनं बैलगाडी जाईल, पण दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर विहिरीच्या वळणावर वळणार नाही, मागची ट्रॉली कठड्याला लागेल. न्यायाधीशांनी विचारलं, हे कशावरून? ती म्हणाली, माझ्या वडिलांची तशी लागली आहे दोनदा, आणि मोजलेले फूट आणि काढलेले फोटो पुढे केले. दुपारी हुकूम झाला. चर बुजवायचा, तोड संपेपर्यंत वाहन अडवायचं नाही.

संध्याकाळी फर्मच्या ग्रुपवर 'आमच्या टीमचं यश' म्हणून शिवतेजचा आणि साहेबांचा फोटो आला. शिवतेज त्या दिवशी रहिमतपूरला एका लग्नात होता.

आठवड्यानं साहेबांनी ब्राह्मीला खोलीत बोलावलं. रागावले नाहीत. अशा माणसांना हिशेबानं वागता येतं. म्हणाले, हुकूम मिळवलास, छान. आता ते वकीलपत्र काढून घे, कोर्टाला तसं लिहून दे, मार्चनंतर जागा तुझी. शिवतेजला मी सांभाळून घेईन. आणि यापुढे गावाचं नाव तयार ठेवायचं.

त्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. वर्षभर जी जागा हवी होती ती मिळत होती, एका कागदावर सही करायची. मी तिला सल्ला दिला नाही. भाजी निवडायला दिली. पालकाची जुडी संपल्यावर ती म्हणाली, "काकू, सही माझी आहे, पण हरणाबाईंचीही आहे ना." मग तिनं हरणाबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. फोन माझ्यासमोर टेबलावर होता, त्यामुळे उत्तर मीही ऐकलं.

"तुजं कशापायी काढायचं? ऊस कारखान्याला गेला तुज्यामुळं. त्या सायबाचं काढ. मी येतो उद्याच्याला."

आल्या. काचेच्या दाराशी चप्पल काढून थेट एसीच्या खोलीत गेल्या आणि वकील बदलायचा आहे, ना-हरकत द्या म्हणाल्या. साहेबांनी ब्राह्मीकडे पाहिलं. मग ते म्हणाले, ठीक आहे, तूही सामान उचल, आणि शिवतेजला हाक मारली. ना-हरकत लिहून आण.

शिवतेजनं लेटरहेड घेतलं, पेन उघडलं आणि बसून राहिला. मार्चनंतर ती जागा त्याचीच होती, पण ना-हरकत कशी लिहितात हे त्याला माहीत नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं हळूच ब्राह्मीला विचारलं. तिनं सांगितलं. कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, पक्षकार, वाक्य, खाली तारीख. तो लिहीत गेला. तिनं एकदा वाचून पाहिलं, दाव्याचं वर्ष चुकलं होतं ते त्याच्याकडून दुरुस्त करून घेतलं.

साहेबांनी कागद न वाचता सही केली आणि पुढचा फोन घेतला.