फुकटच्या सिस्टिमची उगवण चाचणी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे. मलासुद्धा. मी कृषी सहायक. रिसोडच्या आसपासच्या गावांत दर उन्हाळ्यात फिरून शेतकऱ्यांना घरचं सोयाबीन पेरण्याआधी तपासायला लावते. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि आठवड्यानं उघडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर निघाले तर खुशाल पेरा. बियाण्याच्या पिशवीवरचं चित्र कितीही हिरवंगार असो, माझा विश्वास कोंबावर. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस दूधवाल्याकडेही त्याच नजरेनं बघायला लागतो.

मागच्या वर्षी यांना अर्धांगवायूचा झटका आला. हे म्हणजे माझे यजमान, आयुष्यभर एसटीचे ड्रायव्हर. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात मात्र मागे राहिला, त्यातही अंगठा. डाव्या हातानं जेवावं लागतं म्हणून यांनी लग्नाच्या पंगतीला जाणं सोडलं. मालेगावला सख्ख्या भाचीचं लग्न झालं, तर तब्येतीचं कारण सांगून घरी बसले. मला तो अंगठा परत हवा होता. दुसरं काही नको होतं.

डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या. म्हणून पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्या मुलीनं तिचा खेळायचा कॉम्प्युटर पाठवून दिला. दोन्ही हातांत धरायचा, मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं आणि अंगठ्यानं फिरवायच्या दोन बुटक्या दांड्या. त्यात बस चालवायचा खेळ होता. बाबा बस चालवतील आणि अंगठाही चालेल, असा तिचा हिशेब. मीही खूश झाले. रोज सकाळी गावांना निघण्याआधी मी यांना खुर्चीत बसवून "वाकवा" म्हणायची आणि अंगठा जितक्या वेळा वाकेल तो आकडा कॅलेंडरवर लिहायची. आता आकडा चढेल असं वाटलं.

पण त्या यंत्रात ऑफिसातल्या कॉम्प्युटरसारखी ऑपरेटिंग सिस्टिम होती. मुंगीएवढी अक्षरं, त्यावर बोट टेकवायचं, ते भलतीकडेच लागायचं. हे आठवडाभर कुरकुरले आणि एके दिवशी जेवताना म्हणाले, "याची सिस्टिम बदलाव लागते."

माझा घास हातातच राहिला. मोबाइलची रिंगटोन बदलायलाही मला हाक मारणारा माणूस सिस्टिम बदलायची म्हणतो?

"तुमाले कोनं सांगतलं?"

"पोरीनं. दुसरी एक हाय. बटन दाबलं का सरळ खेळच उघडते."

मी तिथल्या तिथं मुलीला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, लिनक्सवर बनवलेली आहे, खास अशा यंत्रांसाठी, आणि फुकट आहे.

"फुकट? कोन देते फुकट?"

"जगभरातली माणसं मिळून बनवतात, आई."

"अन् मंग खातात काय?"

ती हसली. हेही हसले. मला हसू आलं नाही. फुकट वाटलेल्या बियाण्याच्या तक्रारींचे पंचनामे मी केले आहेत. जुनी सिस्टिम पुसून ही टाकायची आणि उद्या हिनंही मान टाकली, तर यांच्या अंगठ्याचं काय? मी साफ सांगितलं, आधी चाचणी. मुलीनं मग नवी सिस्टिम मेमरी कार्डावर घालून कुरिअरनं पाठवली, म्हणजे जुनीला धक्का न लावता दोन्ही चालवून बघता येतील.

मी डायरीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. प्रत्येक सिस्टिम दहादा चालू केली. दहादा खेळ मधेच थांबवून यंत्र झोपवलं आणि उठवून बघितलं, बस होती तिथंच उभी आहे का. जुनी दहापैकी सहादा उठली, नवी नऊदा. अक्षरं चष्म्याशिवाय वाचता आली. आठवडाभर मी तिच्यात खोट शोधली आणि सापडली नाही, याचाच मला राग आला. शेवटी नाइलाजानं नवी पास केली. हे इतके खूश झाले की मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं.

त्यानंतर यांची बस सुसाट सुटली. मी घरी यायची तेव्हा हे घाट उतरत असायचे. चेहऱ्यावर ड्युटीवरची जुनी ऐट. "आज एकई टप्पा लेट नाही," असं मला ऐकवायचे. कॅलेंडरवरचा आकडा मात्र तीन, दोन, तीन. बस दौडतेय आणि अंगठा जागचा हलत नाही, हे गणित मला काही केल्या सुटेना. विचारलं तर म्हणायचे, "दिवसभर चालवून थकते तो."

एका रविवारी हे कटिंगला गेले. मी यंत्र हातात घेतलं. बस सुरू झाली, डावीकडच्या दांडीनं चाकं वळली, पण उजव्या हाताचं वेगाचं बटण दाबलं तर ढिम्म हलेना. जोरात दाबलं. पुन्हा दाबलं. उजवीकडचं एकही बटण चालत नव्हतं. खोटं कशाला सांगू, राग आला तसा आनंदही झाला. बघा, फुकटची निघाली ना शेवटी!

मुलीला फोन लावला.

"जयभीम आई, काय झालं?"

"तुई सिस्टिम बिघडली. उजवीकडचं सारं बंद पडलं."

पलीकडे ती गप्प झाली. मग म्हणाली, "आई, तू त्याला हात नको लावू."

"काहून?"

मी पोटच्या पोरीची शांतता ओळखत नाही का? दोनदा दरडावल्यावर तिनं मला बटणांच्या सेटिंगपर्यंत नेलं. उजव्या बाजूच्या प्रत्येक बटणासमोर लिहिलं होतं, काही नाही. वेग, हॉर्न, दरवाजा, सगळं डाव्या हाताखाली आणि डाव्या बोटांना पोचेल अशा मागच्या बटणावर.

"बाबांनीच विचारलं होतं," मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली. "सगळं डाव्या हातावर घ्यायला कोणती सिस्टिम सोपी पडेल म्हणून. तू पास केल्यावर मीच फोनवरून सांगून बदलून दिलं. तुला सांगू नको म्हणाले."

मी फोन ठेवला. दोन्हींची वीस-वीस वेळा चाचणी घेतली होती मी, पण माझ्या धडधाकट हातांनी. ज्या हातासाठी हा सगळा खटाटोप, तो एकदाही बटणांवर ठेवून बघितला नव्हता. कृषी सहायक म्हणवते स्वतःला! लाज वाटली, आणि लाजेच्या वर राग.

हे आले ते पावडरचा वास घेऊन. मी यंत्र समोर धरलं.

"हे काय हाय?"

यांनी पडद्याकडे बघितलं आणि हळूच खुर्चीत बसले. मला वाटलं, काहीतरी सारवासारव करतील. नाही केली.

"मी काय बियानं हाव काय व?" हे म्हणाले. "रोज सकायी गोनपाट उघडून पाहून राह्यली तू. आकडा लिवतानी तुयं तोंड उतरते ते दिसते मले. त्या खेळात मी ड्रायव्हर हाव. तिथं कोनी मोजत नाही."

गावोगावी मी ओरडून सांगते, गुंडाळी रोज उघडू नका, वारं लागून कोंब सुकतात. घरी मात्र सहा महिने रोज उघडत होते. भीती वाटायची मला, म्हणून उघडत होते. ही भीतीही मी तेव्हाच पहिल्यांदा बोलून दाखवली.

"तुमाले नाही वाटत भेव?"

"वाटते ना. म्हनून तं डावीकडं घेतलं सारं."

कॅलेंडर मी भिंतीवरून काढून कपाटात ठेवलं. मग यांनीच विचारलं, "मंग कोनती ठेवाची? जुनी का हे?"

"हेच ठेवा," मी म्हटलं. "पन वेगाचं बटन उजवीकडं घेऊ."

सेटिंग मीच बदललं. आता संध्याकाळी चहा झाला की मी यांच्या उजव्या बाजूला बसते. वेगाचं बटण यांच्या उजव्या अंगठ्याखाली आहे आणि त्यांच्या अंगठ्यावर माझा. हे वळण घेतात, मी वेग देते, आणि शिव्या खाते, कारण स्टॉप आला तरी मला दाब सोडायचं भान राहत नाही. गेल्या महिन्यात हे कारंज्याला एका लग्नाला आले आणि पंगतीत माझ्या शेजारी बसून डाव्या हातानं जेवले.

हल्ली कधीकधी मी दाबायच्या आधीच बस पुढे सरकते. माझाच अंगठा नकळत दाबला जात असेल. किंवा खालचा हलत असेल. माझा अंगठा क्षणभर उचलला की कळेल. मी उचलत नाही.