कावळ्याचा भात आणि वकिलाचा कागद

मी सातवी शिकलेला माणूस. चाळीस वर्षं नगरपालिकेत पाण्याचे पाइप घातले. म्हातारपणी बायकोला घेऊन मुलाकडे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आलो. आता एकटाच आहे.

तिला इथल्या घराघरांपुढच्या कापलेल्या गवताचा वीट यायचा. म्हणून सून आम्हाला रविवारी दीड तासावरच्या डोंगरावर न्यायची. तिथून चालणाऱ्यांची एक लांबच लांब वाट जाते, कित्येक राज्यांतून, सरकारनं राखलेली. बायको साडी खोचून, बूट घालून चालायची. वाटेपासून वीस पावलांवर एक मोठं झाड होतं, त्याखाली डबा उघडायची. उरलेली पोळी कावळ्यांना.

ती गेली तेव्हा दहाव्याचं पान घरामागं मांडलं. एक कावळा फिरकला नाही. मग पान घेऊन त्या झाडाखाली गेलो. मी पाठ फिरवतोय तोवर कावळा भातावर. तेव्हापासून तिच्या तिथीला भात तिथंच.

पुढं गॅसच्या पाइपलाइनवाल्यांनी नेमका तोच डोंगर धरला. वाट राखणारी मंडळी कोर्टात गेली. कंपनी म्हणे, राखीव आहे ती वरची वाट, खालची जमीन दुसऱ्या खात्याची. आम्ही खालून जाणार, वाटेला धक्का नाही. ऐकून शिसारी आली. मी जन्मभर चर खणलेत. पाइप खालून जातो, पण त्याच्यावरची झाडं कुणी ठेवत नाही. मुळं नडतात. आमच्या झाडाला तर तोडायच्या खुणेची फीतही बांधून झाली होती.

वाट राखणाऱ्यांच्या वकिलाला वाटेवर नेमानं जाणारी माणसं हवी होती. नुसता डोंगर बिघडेल म्हणून कोर्टात भागत नाही, माझं काय बिघडेल ते माणसानं लिहून द्यावं लागतं. सुनेनं मला त्याच्यापुढं बसवलं. मी सगळं सांगितलं, पान, भात, कावळा. ती इंग्रजीत सांगत गेली. त्याचं टाइप करणं थांबलं. तिथं पाखरांना खायला घालायला बंदी आहे म्हणे, समोरचे तेवढंच धरून बसतील.

त्यानं दुसरा कागद काढला. मी तिथं डोंगराची शोभा बघायला जातो, असं त्यात होतं.

"बाबा, करा ना सही. झाड वाचेल."

"आणि तुझी सासू? ती कुठंय यात?"

तिनं पेन माझ्यापुढं सरकवलं. मी सही केली.

कोर्टानं कंपनीचंच ऐकलं. वाट आहे तशी आहे, एक दगड हललेला नाही. दोन्ही बाजूंना मात्र डोंगर वस्तऱ्यानं भादरल्यासारखा.

यंदाच्या तिथीला झाड होतं तिथंच पान मांडलं. तासभर उभा राहिलो. कावळा शिवेना की आपल्यात मेलेल्या माणसाशी बोलतात, काय राहिलं विचारतात. मला विचारायची गरज नव्हती.

"कागदात तुला घातलं नाही," मी म्हणालो. "चुकलं माझं."

तरी आला नाही. बसायला फांदी कुठं ठेवलीय त्याला. भात वाळला, मुंग्या लागल्या, आणि सून गाडीपाशी वाट बघत होती.