वटारच्या ओट्यावर शिकलेला शिंपल्याचा टाका

इथले गूढ अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगू का... मनातल्या मनात हसायचे. मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरी मुलांची दृष्टसुद्धा कोणी काढत नाही. तरी हे लिहितेय, कारण हे माझ्याच बाबतीत घडलं — तेही भर दुपारी.

मी विरारला चंदनसारमध्ये राहते. गेल्या वर्षी नाशिकला आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. वण दिसतो म्हणून ती घराबाहेर पडेनाशी झाली. तिच्यासाठी क्रोशाचा काउल — म्हणजे टोकं जोडलेला, गळ्यात घालायचा मफलर — विणायचं मी ठरवलं. शेल स्टिचचा, शिंपल्यांच्या नक्षीचा. व्हिडिओ बघून करत होते, पण दर ओळीला कड आत जायची. उसवून उसवून लोकर पार पिंजारली.

दिवाळीच्या सुट्टीत माझ्याच शाळेत शिकवणाऱ्या ग्रेसीने मला जवळच्याच वटार गावात, तिच्या माहेरी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर ती आणि तिचा भाऊ वाडीत केळी काढायला गेले. मी ओट्यावर बसून पिशवीतून लोकर काढली.

थोड्या वेळाने घरातून एक वयस्कर बाई आल्या. लाल लुगडं, पांढरे केस घट्ट बांधलेले. माझ्याजवळ बसल्या नि म्हणाल्या, "कडेला अख्खा शिंपला नको, बाय. अर्धाच घाल. मग कड सरळ राहील."

मला कळेना. मग त्यांनी सुईच माझ्याकडून घेतली. एकाच टाक्यात पाच खांब, म्हणजे उंच टाके — की शिंपला उघडला! हात असे सरसर चालत होते की मी बघतच राहिले. तीन-चार ओळी झाल्यावर सुई परत दिली आणि माझ्या हातांवर हात ठेवून पुढची ओळ माझ्याकडून करून घेतली. "हात ढिला सोड. लोकर काय पळून नाय जात."

मी हसले. ओळ संपवून मान वर केली, तर त्या आत निघून गेल्या होत्या.

ग्रेसी आल्यावर मी म्हटलं, "तुझ्या आईंनी काय छान शिकवलं गं!"

ती केळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. "कोणी?"

"लाल लुगड्यातल्या... आईच ना त्या?"

"आई आत झोपलीय. वाडीत पडली तेव्हापासून मानेखाली काही हलत नाही तिचं. लुगडं नेसणं तर कधीचं सुटलं."

ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली. पलंगावर गाऊनमध्ये त्याच बाई होत्या. हात चादरीवर निपचित, बोटं आत वळलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या लोकरीकडे.

"झाली का कड सरळ?"

मी विणते हे तोवर ग्रेसीलासुद्धा माहीत नव्हतं.

संध्याकाळी ग्रेसी मला रिक्षापर्यंत सोडायला आली. रिक्षा आली तेव्हा हळूच म्हणाली, "तिचे हात... गरम होते?"

"होते," मी म्हटलं. ती तिथेच, रस्त्यावर रडायला लागली. मीही.

नवरा म्हणतो, तुला ओट्यावर डुलकी लागली असेल. असेल. पण झोपेत कोणी इतक्या ओळी विणतं? आणि विणल्या तरी, जे मला येतच नव्हतं ते? त्या ओळी आजही त्या काउलमध्ये आहेत. आई तो घालून बाजारात जाते, भाजीवालीला कौतुकाने दाखवते.

मी अधूनमधून वटारला जाते. ग्रेसीच्या आईला आता मी मावशी म्हणते; त्यांच्या उशाशी बसून विणते, त्या नजरेनेच चूक दाखवतात. एकदा धीर करून विचारलं, "मावशी, त्या दिवशी काय झालं होतं?"

त्यांनी चादरीवरच्या आपल्या बोटांकडे पाहिलं.

"मला काय माहीत, बाय? डोळा लागला होता..." मग म्हणाल्या, "पन हातांना लय बरं वाटलं."

याहून जास्त मला आजही काही सांगता येत नाही.