इरफाननं धरलेली जागा

आमच्या घरी अंगारे-धुपारे कधीच नव्हते. आप्पा म्हणायचे, डोळ्यांना दिसेल तेच खरं. मीही त्याच मताचा... म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

दोन हजार तीन साल. चंदगडहून कोल्हापूरला शिकायला आलो होतो. घरातून कॉलेजात जाणारा पहिलाच. शिवाजी पेठेत खोली होती. आपला म्हणावा असा एकच — बिद्रीचा इरफान, माझ्याच वर्गातला.

आमच्या लिनक्स लॅबमध्ये सगळ्यांच्या फायली एकाच सर्व्हरवर. कुठल्याही मशीनवर बसा, आपली होम डिरेक्टरी, म्हणजे आपल्या फायलींचा कप्पा, नेटवर्कवरून यायची — पण इतकी हळू, की लॉगिन करून चहा पिऊन यावं. म्हणून जो आधी पोहोचेल त्यानं मित्राचंही लॉगिन करून ठेवायचं. एसटीत रुमाल टाकतात तसं. एकमेकांचे पासवर्ड पाठ. मी दारात दिसलो की इरफान ओरडायचा, "या पावणं, जागा धरलीया!"

त्या पावसाळ्यात तो मोटारसायकलच्या अपघातात गेला.

दिवाळीच्या सुट्टीत लॅबचे सर म्हणाले, "प्रॅक्टिकलच्या आधी हे जरा पळतंय का बघ की. पोरं नुसती बसून ऱ्हात्यात." मी गावी गेलो नाही.

दुपारी सर कुलूप काढून मेन स्विच टाकायचे आणि केबिनमध्ये बसायचे. पहिल्याच दिवशी शेजारच्या खोलीतला सर्व्हर बघून लॅबमध्ये आलो, तर खिडकीजवळच्या माझ्या मशीनवर माझं लॉगिन झालेलं. डेस्कटॉप उघडून तयार...

"सर, तुम्ही बसला होता का इथं?"

"मला तुझा पासवर्ड कुठनं ठावं? आन् दुसरं हाय कोण हितं?"

दुसऱ्या दिवशी तेच. नंतरही. तपासलं, तर लॉगिन त्याच मशीनच्या कीबोर्डवरून झालेलं. पासवर्ड बदलावा असं मनात आलं. बदलला नाही. खरं सांगतो, भीती वाटली नाही... त्या सुट्टीत माझी वाट बघणारं तेवढंच होतं.

लॅब हळू चालण्याचं दुखणं सापडलं होतं. ब्राउझर आपला कॅशे, म्हणजे पाहिलेल्या पानांच्या तात्पुरत्या प्रती, प्रत्येकाच्या होममध्ये, म्हणजे नेटवर्कवरून, लिहीत होता; त्या ओझ्यानं होम उघडायला वेळ लागायचा. तो कॅशे मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर वळवायचा, एवढंच. पण ते केलं की कुणासाठी जागा धरायची गरजच उरणार नव्हती. मी उगाच केबली तपासत बसलो. शेवटी पोरांची परीक्षा डोळ्यासमोर आली — केलं.

होम चुटकीसरशी उघडलं. सर खूश. "झकास! आता कुणाची वाट बघाय नको."

दुसऱ्या दुपारी मशीनवर नुसता लॉगिनचा रिकामा चौकोन होता. पासवर्ड मीच टाकला.

कुणी चेष्टा केली असेल म्हणाल. असेलही — पण त्या रिकाम्या लॅबमध्ये कोण, हे मला अजून सांगता येत नाही. आजही नोकरीत मशीन सुरू केलं, की पासवर्ड टाकण्याआधी मी थोडा थांबतो.