सिलिंडराले जवसाचं तेल

चहा घ्या राजेहो, पण माह्यासमोर इंजिनाचं नाव काढू नका. अजून बी कुठं चक्कीचा फटफट आवाज आला का मी रस्ता बदलतो. काहून म्हणता? सांगतो. फक्त रिठदच्या कोणाले सांगू नका. तसं तिथं सगळ्याईले माहीतच हाय म्हणा.

माही बायको पहिल्या बाळंतपणाले माहेरी, रिठदले गेली होती. पोरगा झाला, सव्वा महिना उलटला, अन् मी मंगरूळपीरहून दोघाईले न्याले गेलो. माहे सासरे, मामाजी म्हणतो मी त्याईले, कमी बोलणारा माणूस. ते बोलले तं भेव वाटे, अन् नाई बोलले तं जास्त भेव वाटे. गावात पिठाची चक्की एकच, अन् ती त्याईची. नेमकं तिचंच इंजिन बिघडलेलं.

जेवतानी मामाजी म्हणाले, "इंजिन धाप टाकून राह्यलं. वाशीमहून मिस्त्री बलवा लागते."

आता गुमान जेवाव का नाई? मी कापसाच्या जिनिंगातला कारकून. इंजिनघरात येता-जाता डोकावे, तेवढंच माहं शिक्षण. पण जावई माणूस, पाटावर बसलेला, ताटाभोवती रांगोळी. बोललो, "मिस्त्री कायले? घरीच खोलू. सिलिंडर साफ केला का झालं."

मामाजीनं वर पाह्यलं. "तुमी खोलता?"

"खोलतो नं."

"बरं. मंग इंजिन चालू करा, अन् पोरीले घेऊन जा."

 दाराआड उभ्या बायकोनं कपाळाले हात लावला. माह्या लेकराचं मंगरूळपीरले येणं आता त्या लोखंडाच्या धुडावर टांगलं होतं.

खोललं बावा. खोलणं सोपंच असते. पिस्टन बाहीर काढला तं रिंगा तुटलेल्या, अन् सिलिंडर आतमधून काळाकुट्ट. लाकडाच्या चिपटीनं काजळी खरवडली, घासलेटात चिंध्या भिजवून भिजवून घासला. असा चमकला का आतमधी माहंच भेदरलेलं तोंड दिसे. नव्या रिंगा अकोल्याहून वाशीमच्या टेशनावर येणार होत्या. तवरोक सिलिंडर उघडा.

अन् मंग भेव शिरलं. एवढा घासलेला सिलिंडर, गंजला तं? बायको-पोरगं रिठदात अन् मी मंगरूळपिरात हातानं भाकरी थापून राह्यलो, हे चित्रच डोळ्यासमोर आलं. सिलिंडराले तेलाचा हात दिला पाह्यजे, एवढं मले माहीत होतं. इंजिनाच्या तेलाचा डबा पाह्यला तं खडखडीत. पण सैपाकघरात जवसाचं तेल होतं, घाण्याचं, ताजं. तेल ते तेल.

"सासूबाई, वाटीभर जवसाचं तेल द्या जरा."

सासूबाईनं देलं. जावयाले कायले पाह्यजे म्हणून इचारण्याची रीत आपल्याकडं हाय का? मी सिलिंडर आतमधून मस्त माखला, धूळ जाऊ नये म्हणून वरून धोतराचा फडका बांधला.

दुसऱ्या दिवशी बोट लावून पाह्यलं तं बोट चिकटलं. मले वाटलं, तेल कमी पडलं. अजून एक हात देला. तिसऱ्या दिवशी जास्तच चिकटलं. म्हटलं, हे लोखंड तेल पिऊन राह्यलं. मंग रोज सकाळी वाटी, रोज नवा हात. जेवढं भेव, तेवढं तेल.

एक नवल मात्र व्हाले लागलं. माह्या ताटातलं बेसन तेलात तरंगे. चटणी पार बुडालेली. सासूबाई वरून अजून धार सोडत, "घ्या नं, लाजू नका." मी मामाजीकडं पाहो अन् मुकाट गिळो. पोटाचे काय हाल झाले ते चहावर सांगण्यासारखे नाईत.

रिंगा आल्या. पिस्टन आत जाईना. म्हटलं, नव्या रिंगा हायेत, घट्टच राहीन. लाकडी ठोकणीनं ठोकून बसवला अन् मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा ठरवला.

सकाळी अर्धं गाव गव्हाच्या टोपल्या घेऊन दारात. मामाजीनं इंजिनाले हळदकुंकू वाह्यलं, नारळ फोडला. मी चाकाले हात घातला. चाक हललं नाई. अंगात होतं तेवढं बळ लावलं. नाई. मंग चार गडी भिडले. इंजिन हललं, खालची लाकडं हलली, चाक तसंच.

किराणा दुकानवाले उस्मानचाचा पुढं आले. "क्यों जमाई, घोडा अड गया?"

मी चाकावरचं कुंकू पुसत राह्यलो.  मामाजी जवळ आले.

"आतमधी काय लावलं?"

"तेल."

"कोणतं?"

"जवसाचं."

"कितीक?"

"रोज एक वाटी."

दाराआडून सासूबाईचा आवाज आला, "अगं बाई, मले वाटलं जावई खाते."

सारं गाव हसलं. मामाजी नाई हसले. तेवढ्यात बायको लेकराले खांद्यावर घेऊन बाहीर आली. "अवो, मांगच्या दिवाळीले आपल्या दाराले तुमीच जवसाचं तेल लावलं होतं नं? मलेच सांगत होते, का हे वाळून घट्ट होते, दार चकचकीत राह्यते."

खरं होतं राजेहो. मीच सांगितलं होतं. तेच तेल मी सिलिंडरात थरावर थर चढवलं, अन् वरून पिस्टन ठोकला. रातभरात तेल वाळलं, अन् तो आत चिकटून बसला.

मामाजीनं चाकाले एकदा हिसका देऊन पाह्यला. मले वाटलं, संपलं. आता एकटंच परत जा लागते. लेकराकडं पाह्यलं, डोळे भरून आले.

मंग मामाजी गड्याले म्हणाले, "गाडी जुंप."

"कोणासाठी?" म्या इचारलं. 

"तुमच्यासाठी. पोरीले अन् नातवाले आजच घेऊन जा."

"पण मामाजी, इंजिन तं चालू झालं नाई."

"म्हणूनच म्हणतो."

बायको गाडीत बसली, लेकरू मांडीवर. मी चढतो तं मामाजी हातात डबा घेऊन आले. उरलेलं जवसाचं तेल. माह्या हातात देलं अन् त्या साऱ्या मुक्कामात पह्यल्यांदा हसले.

"घरच्या दाराले लावजा, जावईबापू. पण लावतानी तुमी बाहीर राहजा, अन् दार उघडं ठेवजा."