लाल पोटाचं जहाज

धुर्पायशी तुम्ही कितीही महत्त्वाचं बोलत असा, समुद्रात जहाज दिसलं की तुमचं बोलणं संपलं. थळला आमच्या ओट्यावर पाटी टेकून ती मासळी विकायची, भावात जराही ढळायची नाही. पण खांदेरी बेटापलीकडे धूर दिसला की पाटी मांजरांच्या हवाली करून पुळणीकडे धावायची. कोळीवाडा तिला थट्टेनं ‘टँकरवाली’ म्हणे.

तिचा एकुलता एक नाथा तेलाच्या लहानशा टँकरवर खलाशी होता. जहाज मुंबईहून तेल भरून मलबारकडे जाई आणि रिकामं परते. त्यावरचं नाव धुर्पायला वाचता येत नव्हतं, पण तिचं त्यावाचून अडतही नव्हतं. मागच्या टोकाला धुराडं, त्यावर पांढरा पट्टा, दोन आखूड डोलकाठ्या. भरलेलं जहाज पाण्यात दबून चालायचं. रिकामं झालं की उचललं जायचं आणि खालचा तांबडा रंग उघडा पडायचा. “लाल पोट दिसला गो! माजा पोऱ्या आला!” असं ओरडत ती आली की सून हिरू हसत चुलीकडे वळायची.

एका वादळात ते जहाज बेपत्ता झालं. मुंबईहून कंपनीचा माणूस आला, शोध लागत नाही म्हणाला आणि पाणीही न घेता गेला. वाड्यातल्या म्हाताऱ्या हिरूच्या बांगड्यांकडे बघू लागल्या. धुर्पाय दारात आडवी उभी राहिली. “जहाज मी बगीन. तवर तिच्या हाताला कोन शिवायचा न्हाय.”

आणि तिला ते दिसलं. पट्टा, डोलकाठ्या, लाल पोट, सगळं तेच. वाड्यानं नारळ फोडले, हिरू ठेवणीतलं लुगडं नेसली, सरंग्याचं कालवण झालं.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या लाँचमधून रेवसला उतरून आलेल्या कंपनीच्या माणसानं खरं काय ते सांगितलं. एकाच कारखान्यात, एकाच मापानं बांधलेली ती दोन जहाजं होती. नाथाचं बुडालं होतं, हे दुसरं. देवानं इतकं निर्दय असू नये, असं मला आजही वाटतं.

हिरूच्या बांगड्या धुर्पायनं कुणाला फोडू दिल्या नाहीत. तेल लावून एकेक स्वतः उतरवली.

पुढे ते जुळं जहाज दिसलं की ती शिव्या देईल असं मला वाटायचं. ती हात वर करायची. “त्याच्यावर बी कुनाचा तरी पोऱ्या हाय. कुनी बगाया नको?”

धुर्पाय गेली त्या वर्षी एका संध्याकाळी मला लाल पोट दिसलं. सवयीनं तिला हाक मारायला मी पुळणीवर धावले. हिरू आधीच तिथं उभी होती, मोकळा हात वर करून.